स्पेनमधील शांत सायकलमार्ग : जुन्या वाटांचे नवे जतन

वाट ही कोणत्याही गावाची पहिली सार्वजनिक मालमत्ता होय. वाट कोणा एकाची नसते, म्हणूनच ती सर्वांची असते. मात्र वाटेचा मूळ उपयोग संपला की तिची राखण करणारा कोणी उरत नाही. कडेची शेते हळूहळू सरकत येतात, पूल ढासळतात, काटेरी झुडपे माजतात आणि एका पिढीत वाट नकाशावरूनही पुसली जाते. स्पेन या देशात गेल्या तीन दशकांत ही प्रक्रिया काही ठिकाणी जाणीवपूर्वक थांबविण्यात आली. बंद पडलेले लोहमार्ग, मेंढपाळांच्या मध्ययुगीन वाटा आणि मागे पडलेले जुने हमरस्ते यांवरून आज सायकलस्वार व पादचारी निर्धास्तपणे जाताना दिसतात. हे कसे घडले, त्यासाठी कोणती व्यवस्था उभारावी लागली आणि तिच्यात कोणत्या उणिवा राहिल्या, याचा अभ्यास ग्रामविकासाचे काम करणाऱ्यांना उद्‌बोधक ठरेल.

देश आणि त्याची भूमी

स्पेनचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र निम्म्याहूनही कमी. तीही मुख्यतः माद्रिद ही राजधानी आणि समुद्रकिनारा यांच्या आसपास एकवटलेली आहे. देशाचा मध्यभाग म्हणजे एक विस्तीर्ण पठार असून त्याच्या कडांना आणि अंतर्भागात पर्वतांच्या रांगा आहेत. उत्तरेस पिरेनीज, मध्यभागी ग्रेदोस व त्याच्या लगतच्या रांगा आणि दक्षिणेस अँडलुशियाचे डोंगर. या रांगांच्या पायथ्याशी ऑलिव्हच्या बागा, ओकची विरळ वने, दगडी किल्ले आणि पांढऱ्या चुन्याने रंगविलेली गावे पसरलेली आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अंतर्भागातील फार मोठी लोकसंख्या शहरांकडे गेली. त्यामुळे अनेक ग्रामीण रस्त्यांवर आज वाहनांची वर्दळ अत्यल्प आहे. सायकलस्वाराला सुखावणारी ही शांतता गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र चिंतेची बाब आहे. जेथे रस्ता शांत असतो तेथे बहुधा शाळेत मुले कमी झालेली असतात आणि दुकानाचे दार बंद झालेले असते. म्हणूनच या मार्गांचा विचार केवळ करमणुकीच्या अंगाने करून चालत नाही. गावात कोणी तरी यावे, थांबावे, जेवावे आणि चार पैसे ठेवून जावे, ही त्यामागील खरी गरज आहे.

आगगाडी गेली, वाट राहिली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या प्रारंभी स्पेनमध्ये खनिज, तेल, धान्य आणि प्रवासी यांच्या वाहतुकीसाठी अनेक लहानमोठे लोहमार्ग बांधले गेले. पुढे मोटारी व मालमोटारींशी स्पर्धा सुरू झाली. खाणी संपल्या, गावे रिकामी होऊ लागली आणि हे मार्ग तोट्यात गेले. काही १९६०च्या दशकात बंद पडले. १ जानेवारी १९८५ पासून सरकारी निर्णयानुसार सुमारे ९०० किलोमीटर लांबीच्या मार्गांवरील वाहतूक एकाच वेळी थांबविण्यात आली.

बंद पडलेल्या मार्गांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. रूळ भंगारात गेले, स्थानकांची छपरे कोसळू लागली. १९९३ साली केंद्रीय बांधकाम मंत्रालयाने या मालमत्तेची मोजदाद केली. तीत असे आढळले की, वापरात नसलेले अथवा बांधकाम अपुरे राहिल्याने कधीच वापरात न आलेले लोहमार्ग ५,७६४ किलोमीटर आहेत. त्यांवर ९५४ स्थानके, १,०७० पूल आणि ५०१ बोगदे आहेत. एवढी प्रचंड सार्वजनिक मालमत्ता डोळ्यांसमोर नष्ट होत होती.

त्याच वर्षी ‘व्हिया व्हेर्दे’ म्हणजे ‘हिरवी वाट’ या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रूळ काढून घेतलेल्या जागी दबाई करून मुरूम, बारीक खडी किंवा काही ठिकाणी डांबर घालावे, पुलांना कठडे बसवावेत, बोगदे सुरक्षित करावेत आणि ही वाट सायकलस्वार, पादचारी व अपंग व्यक्ती यांच्यासाठी मोकळी ठेवावी, असा हा कार्यक्रम आहे. स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठान त्याचे सुसूत्रीकरण करते. जमीन सर्वसाधारणपणे सार्वजनिक रेल्वे संस्थेकडेच राहते आणि करारान्वये तिचा वापर व देखभाल स्थानिक किंवा प्रादेशिक संस्थांकडे सोपविली जाते. आजपर्यंत ३,००० किलोमीटरहून अधिक लांबीच्या हिरव्या वाटा खुल्या झाल्या आहेत.

लोहमार्गाचा एक गुण सायकलीच्या पथ्यावर पडतो. जड गाडी तीव्र चढ चढू शकत नाही. त्यामुळे अभियंत्यांनी डोंगराला वळसे घातले, दऱ्यांवर पूल बांधले, खिंडी फोडल्या व बोगदे खोदले. परंतु चढ सहसा शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा अधिक होऊ दिला नाही. ज्या डोंगराळ प्रदेशात साध्या रस्त्याने सायकल चालविणे धट्ट्याकट्ट्या तरुणांनाच जमावे, तेथे हिरव्या वाटेने शाळकरी मुले व वृद्ध माणसेही जाऊ शकतात. शंभर वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनासाठी झालेला खर्च असा पुन्हा उपयोगी पडला.

गाडी न धावलेला लोहमार्ग

दक्षिणेकडील काडिस आणि सेव्हिल या प्रांतांच्या सीमेवर ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो असा ३६ किलोमीटरचा मार्ग आहे. खेरेस ते आल्मार्गेन या नियोजित लोहमार्गाचा तो भाग होय. १९२०च्या दशकात, प्रिमो दे रिवेरा यांच्या राजवटीत, त्याचे काम सुरू झाले. पुढे पैसा अपुरा पडला, १९३६ साली यादवी युद्ध पेटले आणि काम अर्धवट राहिले. बोगदे खोदून झाले, पूल उभे राहिले, स्थानके बांधली गेली. पण गाडी मात्र कधीच आली नाही.

या छोट्याशा अंतरात ३० बोगदे व ४ मोठे पूल आहेत. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. बाहेर रणरणते ऊन असताना आत गारवा असतो. मात्र दिवे लावलेले असले तरी सायकलस्वाराने स्वतःचा दिवा जवळ बाळगावा, असा तेथील प्रघात आहे. वाटेत साफ्रामागोन नावाचा चुनखडीचा प्रचंड सुळका लागतो. त्याच्या कपारींत ग्रिफन जातीच्या गिधाडांची मोठी वसाहत असून तो संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. तेथील जुन्या स्थानकात आता या पक्ष्यांची माहिती देणारे केंद्र चालते. कोरिपे गावाच्या स्थानकाजवळ ओकचा एक जुना, विस्तीर्ण वृक्ष असून त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला आहे.

ओल्वेरा हे गाव टेकडीवर वसलेले आहे. माथ्यावर मूर राजवटीतील किल्ला व शेजारी भव्य चर्च. हा सारा प्रदेश अडीच शतके सरहद्दीचा होता. एका बाजूस कास्तीलचे ख्रिस्ती राज्य, तर दुसऱ्या बाजूस ग्रानाडाचे मुस्लिम राज्य. ओल्वेरा १३२७ साली कास्तीलच्या अकराव्या आल्फोन्सोने जिंकले. ग्रानाडा १४९२ पर्यंत टिकले. या भागातील अनेक गावांच्या नावांपुढे ‘दे ला फ्रोन्तेरा’ म्हणजे ‘सरहद्दीचे’ असे पद आजही लावले जाते, ते या इतिहासामुळेच. टेकडीवर गाव, गावावर किल्ला आणि खाली पाण्याच्या कडेने वाट ही रचना संरक्षणाच्या गरजेतून आली. सायकलवरून सावकाश जाणाऱ्याला ती सहज उमगते. वेगाने जाणाऱ्या मोटारीतून ती दिसत नाही.

या मार्गाची देखभाल एका प्रतिष्ठानामार्फत होते. मार्गावरील गावांच्या नगरपालिका आणि काडिस व सेव्हिल या दोन्ही प्रांतांच्या परिषदा त्यात सहभागी आहेत. वाट दोन प्रांतांतून जाते, तेव्हा प्रत्येक गावाने आपापल्या हद्दीपुरता विचार केला असता तर ती हद्दीपाशीच तुटली असती. सर्वांनी मिळून एकच संस्था स्थापन केल्यामुळे ती अखंड राहिली. ओल्वेरा व पुएर्तो सेरानो येथील स्थानकांत निवासाची व भोजनाची सोय करण्यात आली. ज्या इमारतींत कधी तिकीट विकले गेले नाही, तेथे प्रवासी उतरू लागले.

तेलाच्या गाडीची वाट

ओल्वेराच्या ईशान्येस खाएन व कॉर्दोबा हे प्रांत आहेत. ऑलिव्हच्या तेलासाठी हा प्रदेश जगप्रसिद्ध आहे. एकट्या खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिनारेस ते पुएन्ते खेनिल हा लोहमार्ग टप्प्याटप्प्याने पूर्ण झाला. त्यावरून प्रामुख्याने तेलाची वाहतूक होत असल्याने लोक त्याला ‘तेलाची गाडी’ म्हणत. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्याचा मोठा भाग बंद झाला आणि त्याच मार्गावर आज खाएन ते पुएन्ते खेनिल अशी सुमारे १२८ किलोमीटरची हिरवी वाट आहे.

मार्तोस, आल्काउदेते, लूके, सुएरोस, दोन्या मेन्सिया, काब्रा, लुसेना ही या वाटेवरील अथवा तिच्या लगतची गावे. दोन्ही प्रांतांच्या सीमेवर गुआदाखोस नदीवरील लोखंडी पूल दोनशे मीटरहून अधिक लांब आहे. त्याच्यासारखे अनेक लोखंडी पूल या मार्गावर असून एकोणिसाव्या शतकातील अभियांत्रिकीचे ते उत्तम नमुने होत. सुएरोस गावाचा किल्ला उभ्या कड्यावर बांधलेला आहे. गावाच्या वरच्या अंगास वटवाघळांची गुहा म्हणून ओळखली जाणारी गुहा आहे. तीत नवाश्मयुगातील मानवी वस्तीचे अवशेष सापडले आहेत. नवाश्मयुगातील गुहा, मध्ययुगातील किल्ला, एकोणिसाव्या शतकातील पूल आणि आजची तेलाची बाग ही सर्व काही किलोमीटरांच्या टापूत पाहावयास मिळतात.

पिरेनीजच्या पायथ्याशी

ईशान्येकडील कातालोनिया प्रदेशात ओलोत ते हिरोना आणि तेथून समुद्रकिनाऱ्यावरील सान्त फेलिउ दे गिशोल्स असे दोन मार्ग एकमेकांस जोडलेले आहेत. पहिला सुमारे ५७ किलोमीटरचा, दुसरा सुमारे ४० किलोमीटरचा. या मार्गांवर ७५० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा थोड्याच रुंद रुळांवरून, एक चिमुकली गाडी धावत असे. हिरोना ते सान्त फेलिउ हा भाग १८९२ साली सुरू झाला. ओलोतकडील भाग १९११ पर्यंत पूर्ण झाला. दोन्ही १९६९ साली बंद पडले.

ओलोतच्या आसपास सुमारे चाळीस निद्रिस्त ज्वालामुखींच्या टेकड्या आहेत. त्यांच्या राखेने समृद्ध झालेल्या भूमीवर बीच वृक्षांचे दाट वन वाढले असून १९८२ साली हा प्रदेश कायद्याने संरक्षित करण्यात आला. ओलोत सोडल्यावर वाट सुमारे ६२० मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत चढते आणि तेथून ब्रुजेन्त व तेर या नद्यांच्या खोऱ्यांतून हिरोनाकडे उतरत जाते. हिरोना हे तटबंदीचे प्राचीन शहर. तेथील मध्ययुगीन ज्यू वस्तीच्या अरुंद गल्ल्या उत्तम स्थितीत राखल्या आहेत. भोवतालचे डोंगरी रस्ते शांत असल्याने अनेक व्यावसायिक सायकलपटूंनी या शहरात वास्तव्य केले आहे.

मेंढपाळांच्या वाटा आणि त्यांचा कायदा

लोहमार्गांपेक्षा कितीतरी जुन्या वाटा म्हणजे मेंढपाळांच्या. उन्हाळ्यात उत्तरेच्या पर्वतांवर व हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार कुरणांत कळप नेण्याची पद्धत स्पेनमध्ये फार प्राचीन आहे. पावसाळ्याच्या बेताने मेंढ्या घेऊन देश व कोकण यांच्यामध्ये फिरणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १२७३ साली कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या संघाला मान्यता दिली. ‘मेस्ता’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा संघ १८३६ पर्यंत अस्तित्वात होता. मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीवर राज्याचे मोठे उत्पन्न अवलंबून असल्याने कळपांच्या वाटांना राजाचे संरक्षण लाभले. सर्वांत मोठ्या वाटेस ‘कान्यादा’ म्हणतात; तिची रुंदी ९० वारा, म्हणजे सुमारे ७५ मीटर. त्याहून लहान वाटांची रुंदी अनुक्रमे सुमारे ३८ व २१ मीटर ठरलेली आहे. देशभर अशा वाटांची एकूण लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर असून त्यांखाली चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन आहे.

मेस्ता संपली, आगगाडीने मेंढ्या नेल्या जाऊ लागल्या आणि या वाटांवर शेतांचे व घरांचे अतिक्रमण झाले. अखेर २३ मार्च १९९५ रोजी त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यातील तरतुदी महसूल व पंचायत क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मुळातून समजून घ्याव्यात अशा आहेत.

या कायद्यानुसार कळपांच्या वाटा ही स्वायत्त प्रदेशांची सार्वजनिक मालमत्ता आहे. ती विकता येत नाही, जप्त करता येत नाही आणि कितीही वर्षे कब्जा केला तरी वहिवाटीने कोणाची होत नाही. वाटेचे रक्षण तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात वाट अस्तित्वात असल्याचे, तिची दिशा व रुंदी यांसह, अधिकृतपणे जाहीर केले जाते. दुसऱ्या टप्प्यात मोजणी करून हद्दी निश्चित केल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष जागेवर खुणेचे दगड बसविले जातात. सार्वजनिक कामासाठी वाट वळवावी लागली तर वाटेची सलगता कायम राहील असा पर्यायी मार्ग आधी द्यावा लागतो. नवा रस्ता अथवा लोहमार्ग वाट छेदून जात असेल, तर कळपांना सुरक्षितपणे ओलांडता येईल अशी सोय करणे बंधनकारक आहे.

याच कायद्याने पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांना या वाटा वापरण्याची मुभा दिली; मात्र एका स्पष्ट अटीवर. कळपाला नेहमी प्रथम मान. मेंढ्या आल्या की सायकलस्वाराने थांबावयाचे. मूळ हक्कदार दूर न सारता नव्या वापरास जागा देण्याचा हा मार्ग अतिशय समंजस म्हणावा लागेल. जुना हक्क जिवंत राहावा म्हणून माद्रिदमध्ये १९९४ पासून शरद ऋतूत मेंढ्यांचे कळप शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवरून नेले जातात आणि १४१८ सालच्या करारानुसार जुन्या नाण्यांत प्रतीकात्मक शुल्क भरले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने कळपांच्या या हंगामी स्थलांतराचा, स्पेनसह दहा देशांच्या वतीने, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

ग्रेदोस पर्वतातील पुएर्तो देल पिको ही खिंड या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तेथे रोमन काळापासूनची फरसबंदी वाट नागमोडी वळणे घेत दक्षिणेकडे उतरते. तिच्यावरूनच मेंढ्या व गुरे जात आली आहेत. शेजारून आजचा डांबरी रस्ता जातो आणि पायथ्याशी मोम्बेल्त्रानचा किल्ला उभा आहे.

नव्या रस्त्यामुळे जुना शांत झाला

हिरव्या वाटा व कळपांच्या वाटा मुख्यतः मुरमाच्या व मातीच्या असल्याने अरुंद चाकांच्या शर्यतीच्या सायकलींना त्या सोयीच्या नाहीत. अशा सायकलस्वारांसाठी जुने डांबरी रस्ते उपयोगी पडतात. याचे उत्तम उदाहरण देशाच्या पश्चिम भागात मिळते. रोमनांनी इसवी सनापूर्वी २५ साली वसविलेल्या मेरिदापासून उत्तरेस आस्तोर्गापर्यंत एक प्राचीन मार्ग जात असे. तो ‘व्हिया दे ला प्लाता’ या नावाने ओळखला जातो. सान्तियागो या तीर्थक्षेत्री दक्षिणेकडून जाणारे यात्रेकरू आजही याच दिशेने जातात. सान्तियागोच्या यात्रेचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी पादचाऱ्यास किमान १०० किलोमीटर, तर सायकलस्वारास किमान २०० किलोमीटर अंतर पार करावे लागते.

या दिशेने जाणारा क्रमांक ६३०चा राष्ट्रीय रस्ता पूर्वी मालमोटारींनी गजबजलेला असे. त्याला समांतर असा द्रुतगती महामार्ग टप्प्याटप्प्याने बांधण्यात आला. जड वाहतूक तिकडे गेली, जुना रस्ता मात्र राखला गेला. कासेरेस, प्लासेन्सिया, सालामान्का, सामोरा ही ऐतिहासिक शहरे त्याच्या वाटेवर किंवा जवळ आहेत. सालामान्काचे विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. कापारा येथे चारही बाजूंनी उघडी असलेली रोमन कमान एकाकी उभी आहे. बान्योस दे मोन्तेमायोर येथील उष्ण झऱ्यांचा उपयोग रोमन काळापासून होत आला आहे. त्याजवळच एर्वास येथे जुनी ज्यू वस्ती आहे. प्लासेन्सिया ते आस्तोर्गा हा लोहमार्ग १९८५ साली प्रवासी वाहतुकीस बंद झाला होता; एर्वास, बान्योस व बेखार यांमधील त्याच्या भागाचीही आता हिरवी वाट झाली आहे.

रस्त्यावरील शिस्त

रस्ता शांत असणे पुरेसे नाही. तो सुरक्षितही असावा लागतो. स्पेनच्या वाहतूक कायद्यानुसार सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर सोडणे आवश्यक आहे. एकाच दिशेस दोन वा अधिक मार्गिका असतील तर, मार्च २०२२ पासून, पूर्णपणे बाजूच्या मार्गिकेत जाऊनच ओलांडावे लागते. हे अंतर सोडता यावे म्हणून समोरचा रस्ता मोकळा असल्यास मध्यरेषा अखंड असतानाही ती ओलांडण्याची परवानगी चालकास आहे. साध्या दुपदरी रस्त्यांवरील कमाल वेग जानेवारी २०१९ पासून ताशी ९० किलोमीटर करण्यात आला. मे २०२१ पासून वस्तीतील एका दिशेस एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर तो ताशी ३० किलोमीटर आहे. सायकलस्वारांवरही बंधने आहेत : गावाबाहेरील रस्त्यांवर शिरस्त्राण वापरावे लागते; रात्री व बोगद्यांत दिवा लावणे सक्तीचे आहे.

हवामानाचा विचारही महत्त्वाचा. दक्षिणेकडील प्रदेशात जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांवर जातो आणि दोन गावांमध्ये पाणी मिळेलच असे नाही. म्हणून एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने प्रवासास योग्य मानले जातात.

उणिवांची बाजू

सर्वच ठिकाणी यश आले असे नाही. मोजदाद होण्यापूर्वी काही लोहमार्गांच्या जमिनीचे तुकडे विकले गेले होते, काही पूल उतरविले गेले होते. अशा ठिकाणी हिरवी वाट मध्येच तुटते व प्रवाशाला मोटारींच्या रस्त्यावर यावे लागते. वाट तयार करण्यासाठी एकदा निधी मिळतो. दरवर्षीच्या देखभालीसाठी मात्र लहान नगरपालिकांची ओढाताण होते. एका पावसाळ्यात दरड कोसळली किंवा बोगद्यातील दिवे बंद पडले, तर महिनोन्‌महिने मार्ग अडून राहू शकतो.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, हे माद्रिदच्या सीमेवरील कान्यादा रेआल गालियाना या वाटेवरून कळते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे प्रथम बागा व झोपड्या, मग घरे उभी राहिली. कोणी वेळीच हद्दीचे दगड रोवले नाहीत. पाहता पाहता हजारो लोकांची वस्ती झाली. शेवटी २०११ साली माद्रिद प्रदेशाने कायदा करून सुमारे १४ किलोमीटरचा पट्टा वाटेच्या दर्जातून वगळला. वाट तर गेलीच. पण रहिवाशांचे प्रश्नही सुटले नाहीत. ऑक्टोबर २०२० पासून वस्तीच्या काही भागांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित राहिला व मुलांना, वृद्धांना थंडीत अंधारात राहावे लागले. हद्दीच्या खुणा वेळेवर न केल्याने सार्वजनिक जमिनीबरोबरच गरीब माणसाचेही नुकसान होते, हे यावरून लक्षात यावे.

अभ्यासाचे सार

स्पेनच्या शांत मार्गांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील फारच थोडे सायकलीसाठी म्हणून बांधले गेले. कोणी मेंढ्यांसाठी वाट आखली, कोणी सैन्यासाठी, कोणी तेलासाठी. मूळ प्रयोजन संपल्यावरही जेथे जमीन सार्वजनिक राहिली, तेथे नवा उपयोग सापडला. जेथे तिचे तुकडे झाले, तेथे कितीही पैसा ओतला तरी वाट पुन्हा सलग झाली नाही.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जुन्या वाटांची मोजदाद त्यांचा उपयोग ठरण्यापूर्वीच व्हावयास हवी. १९९३ साली ५,७६४ किलोमीटरांचा हिशेब मांडला गेला म्हणूनच पुढचे काम शक्य झाले. दुसरी, अनेक गावांतून जाणाऱ्या वाटेची देखभाल एकाच सामाईक संस्थेकडे असावी. तिसरी, नव्या वापरकर्त्याने जुन्या हक्कदाराचा मान राखावा. आपल्याकडील पाणंद, शिवरस्ता किंवा गाडीवाट यांची नोंद गावनकाशात असूनही जागेवर ती सापडत नाही, असा अनुभव अनेक ग्रामपंचायतींना येतो. अशा वेळी खुणेचा एक दगड वेळेवर रोवण्याचे मोल काय असते, ते स्पेनच्या या उदाहरणावरून ध्यानात येईल.

ओल्वेराच्या लोहमार्गावर काम करणाऱ्या मजुरांना आपण कशासाठी डोंगर फोडीत आहोत हे ठाऊक होते. त्यांची गाडी मात्र आली नाही. अनेक दशके ते बोगदे रिकामे राहिले. पण ती जमीन कोणी विकली नाही, ते पूल कोणी पाडले नाहीत. म्हणूनच आज पुएर्तो सेरानोचे एखादे शाळकरी पोर सायकलवर बसून त्या बोगद्यांतून थेट ओल्वेरापर्यंत जाऊ शकते.